चित्राखालची पट्टी

विजयसिंहाला मीच बोलावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

सिरसाळ्यात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, किराणा दुकानावरच्या माडीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. सन दोन हजार एक. तीन मशीन, पोरं अठरा. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण आत धूळ चालत नाही. आणि दसऱ्याला ज्या मशीनवर हळदीकुंकू वाहिलं त्याच्यासमोर चपला घालून जायचं कुणाच्या मनातही येत नसे. पोरं मशीनवर चित्रं काढायची. सव्वीस जानेवारीला त्यांचं प्रदर्शन भरवायचं मी ठरवलं, बीडला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणले आणि प्रत्येक चित्राखाली पट्टी चिकटवली: पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, इयत्ता, गल्ली. आमच्याकडं देवळाला पंखा दिला तरी पात्यावर तीन पिढ्यांची नावं येतात. पोरांची नावं मी कशाला झाकू?

प्रमुख पाहुणा विजयसिंह. मोंढ्यातल्या धान्यबाजारावर ज्यांची सत्ता, त्या सुंदररावांचा थोरला. त्याच्याशिवाय गावात नारळ फुटत नसे.

पहिला नंबर मी शिवांजलीला दिला होता. आठ वर्षांची, तिसरीत. तिची आई अंजना मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडायची, पोरगी तिच्यासोबत पोत्यांच्या आडोशाला खेळायची. तिचं चित्र मी तपासलं ते मास्तरणीसारखं. रंग ओतल्यावर बाहेर सांडला का? नाही. रेषा बंद आहेत का? आहेत. एक जीप, पोत्यांची थप्पी, काठी घेतलेला एक माणूस आणि एक आडवा पडलेला. भिंगाचं चिन्ह वापरून तिनं जीपची नंबरप्लेट एकेका ठिपक्यानं भरली होती. काय चिकाटी पोरीची! मी ठिपके मोजले आणि नंबर वाचला नाही. माझ्याएवढी मूर्ख बाई जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

विजयसिंह बूट घालूनच आत आला. पांढरे बूट. तीस-चाळीस आईबाप अनवाणी उभे होते, ते बाजूला सरले. मी त्याला हार घातला. तो चित्रं बघत बघत शिवांजलीपाशी आला. मी पोरांना सांगून ठेवलं होतं, पाहुणे आले की लाजायचं नाही, आपलं चित्र समजावून सांगायचं.

तिनं बोट ठेवून सांगितलं, "ही तुमची जीप. नंबर बी काढलाय. हे तुमी, पांढरे बूट. हा गज. आन् हे सुग्रीवमामा, ते उठलेच न्हाईत."

दिवाळीच्या आधी सुग्रीव हमाल मोंढ्यात मेला होता. पोत्यांची थप्पी अंगावर पडली, असं कागदावर लिहिलं होतं. विजयसिंहाच्या वजनकाट्यात खोट आहे असं तो चारचौघांत बोलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती थप्पी पडली. सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही सगळे त्याच्या दिवसाला जाऊन जेवून आलो होतो.

विजयसिंहानं खाली वाकून पट्टी वाचली. मोठ्यानं, बापाच्या नावासकट, 'मोंढ्यामागे' पर्यंत. मग शिवांजलीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला तशीच वर उचलली. पोरगी किंचाळली. अंजना धावली, तर दारातल्या त्याच्या माणसानं तिच्या पोटात लाथ घातली आणि ती भिंतीला आदळून खाली बसली.

"कुणी शिकवलं गं तुला हे? कुणी?"

"मी," मी म्हणाले. "चित्र माझंय. तिनं नुसता रंग भरला. पयल्या नंबराला चांगलं चित्र पायजे म्हणून मी काढलं. सोडा तिला."

त्यानं पोरीला सोडलं नाही. मोकळ्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की तोंडात रक्त आलं. अप्पा मधे आले. गळ्यातलं इष्टलिंग शर्टाबाहेर आलेलं, ते मुठीत धरून म्हणाले, "मालक, लेकरं हायेत." त्यांना त्यानं छातीवर हात ठेवून ढकललं. अप्पांचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि कपाळ फुटलं.

"तू काढलंस?" विजयसिंह मला म्हणाला. "मग काढून दाव. इथंच. न्हाई आलं तर हिची जीभ ओढतो."

भिंतीवरचं चित्र त्यानं फाडून खिशात घातलं. मी मशीनपुढं बसले. आधी जीप काढली. नंबर आठवावा लागला नाही, तो नंबर लांबून दिसला की आम्ही रस्ता सोडतो. थप्पी काढली. पांढरे बूट काढले. सुग्रीवला काढलं, त्याचं डोकं लाल केलं. मी तिथं नव्हते, तरी मला सगळं येत होतं. मला माझीच किळस आली. तीन महिने मी हे पोटात ठेवून पोरांना गोल आणि चौकोन शिकवत होते!

शेवटी गज काढला.

मागून हळूच आवाज आला, "बाई, गज उजव्या हातात व्हता."

बंकट हमाल. त्याची पोरगीही माझ्या क्लासला होती. मी खोडलं आणि गज उजव्या हातात दिला.

"थप्पी उभीच व्हती," दुसरं कुणी म्हणालं. "पडलीच न्हाई."

"पाणी मागितलं त्यानं," एक बाई म्हणाली. "ते कसं काढणार?"

विजयसिंहाला तेव्हा कळलं की आपण काय काढायला लावलं. त्यानं पोरीला फेकलं. दाराशी शटर ओढायची सळई होती, ती त्याच्या माणसानं त्याच्या हातात दिली. पहिला फटका पडद्यावर बसला, काच माझ्या तोंडावर आली. दुसरा माझ्या उजव्या हातावर, माउससकट. तिसराही तिथंच. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि गुरासारखी ओरडले. मला चौथा फटका आठवत नाही.

आठवते ती कडूबाई. सुग्रीवची म्हातारी आई, नातवाचं चित्र बघायला आली होती. ती दाराबाहेर गेली आणि स्वतःची चप्पल घेऊन आत आली. क्लास सुरू झाल्यापासून माझ्या खोलीत पायताण आणणारी ती दुसरी. तिनं ती विजयसिंहाच्या तोंडावर मारली. मग सगळेच बाहेर गेले आणि हातात चपला घेऊन आत आले. बंकटनं सळई हिसकली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. बायांनी त्याचे बूट ओढून काढले. मारू नका असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही.

आता बीडच्या कोर्टात विजयसिंहावर सुग्रीवच्या खुनाचा खटला आहे, तारखा पडतात. सात जणांनी जबाब दिलेत. चित्र कुणाचं, असं वकील मला दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी सांगते, माझं. शिवांजलीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. प्रदर्शन मी अजूनही भरवते, पण चित्राखाली पट्टी नसते. पोरं मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात नाव लिहितात, आणि समोर टांगण्याआधी मी चित्र बघते. ठिपके नाही, चित्र.

मी दवाखान्यात होते तेव्हा अंजना पोरीला घेऊन आली होती. माझा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. अंजना पायावर डोकं ठेवून रडली. पोरगी खाटेपासून लांब उभी. डोक्याला पट्टी, वेणीच्या जागचे केस मुळापासून गेलेले.

"माझं चित्र व्हतं," ती म्हणाली. "लई दिवस लागले मला. तुमी सगळ्याइला सांगितलं तुमचं हाय म्हणून. चोट्टी!"

अंजनानं हात उगारला. मी म्हणाले, "मारू नकोस. खरं बोलतीया ती."

ती परत क्लासला आली नाही. रस्त्यात दिसले की तोंड फिरवते, आणि ते मला फार लागतं. तिच्या चित्राची फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, वर तिचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. केस संपली की मी ती घेऊन तिच्या दारी जाईन. तोवर तिच्या लेखी मी चोर आहे, आणि मला चोरच राहायचं आहे.