कुंभ्याची लाखोली

वच्छलाबाईंनी चातुर्मासात कुंभ्याच्या फुलांची लाखोली धरली, तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. बाईंचा एक ना एक नेम कायमचाच. कुंभा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं गुडघाभर रोपटं. फुलं पांढरी, तांदळाच्या दाण्याएवढी, महादेवाच्या आवडीची. पाल्याचा रस सर्दी-खोकल्याला, कोवळ्या शेंड्यांची भाजी. रोज पहाटे बांधावर जायचं, हजार फुलं खुडायची, आणि ती देवाला वाहून घंटा वाजवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शंभर फुलं झाली की वाटीत ज्वारीचा एक दाणा. नवरात्र तोंडावर आलं आणि वाटीतले दाणे आठशेवर गेले.

त्या दिवशी बांधावर जरा उग्र वास येत होता. शेजाऱ्यानं कपाशीवर काही फवारलं असेल, असं बाईंना वाटलं. तीनशे चाळीस फुलं झाली असतील-नसतील, तोच मुलगा ललित धापा टाकत आला.

"माय, आयक ना..."

बाईंनी हात वर केला. मोजणी मोडली की पुन्हा एकापासून. ललित घुटमळला, पायानं ढेकूळ फोडलं आणि मागे फिरला.

हजार भरत आली तेव्हा नाल्यापलीकडची कुंदाबाई आली.

"अक्का, नात रातभर खोकलनी व. मूठभर पाला दे. बोलू नको, माले ठाऊक शे. तुन्हा बदलामा मी बोलस, आमना घर बोलानी काही कमी नही." ती हसली. "तुन्ही घंटा वाजनी का मंगच पाजसू. देवना आगोदर औषध लागू पडत नही."

बाईंनी चांगले कोवळे शेंडे निवडून तिच्या ओटीत घातले.

बाई देवळात फुलं वाहत असताना ललित पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं ओठ उघडले, बाईंनी न बघताच हात वर केला. शेवटची ओंजळ पिंडीवर गेली. बाईंनी हात जोडले आणि घंटा वाजवली. सकाळच्या शांततेत तो आवाज नाल्यापार गेला.

"बोल आते. काय शे?"

"माय, रागे भरू नको. गवत कपाशीमा घुसी राह्यनं होतं. कालदिन सांजले मी बांधवर तणनाशक मारं. तू हात धुई टाक, साबण लाईसन."

"बठ्ठा बांध?"

"बठ्ठा. पुरा बांध."

बाईंनी हाताकडे पाहिलं नाही. त्या वर पाहत होत्या. घंटेची जीभ अजून हलत होती.

"आणि आते सांगस?"

"तू हात वर करी माले थांबाडं ना. दोनदाव."

"कुंदा पाला ली गयी," बाई म्हणाल्या. "पोरले पाजाले. घंटा वाजनी का पाजसू म्हने."

ललितनं फोन लावला. कुंदाबाईचा मोबाइल तिच्या मुलाच्या खिशात होता, आणि मुलगा चाळीसगावला. त्यानं गाडीला किक मारली, बाई मागे बसल्या. नाल्यापर्यंत दोन मिनिटं. नाला वरच्या अंगाच्या पावसानं एवढ्यात भरून आलेला, गाडी घालणं शक्य नव्हतं. पलीकडच्या काठावर कुंदाबाईचं घर, आणि ओट्यावर ती स्वतः. मांडीवर नात, शेजारी पाटा-वरवंटा, हातात चमचा.

वच्छलाबाईंचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नव्हता. त्या भांडत नसत, भजनातही ओठांतल्या ओठांत म्हणत.

"कुंदाऽऽ! पाजू नकोऽ!"

कुंदाबाईनं मान वर केली. चमचा अधांतरी थांबला. हे कोण ओरडतंय, तिला उमजेना. पाण्याच्या खळखळाटात शब्द विरून गेले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पोरीची हनुवटी धरली आणि चमचा पुन्हा खाली नेला.

बाई पाण्यात शिरल्या. ललितनं धरायच्या आत पाणी कमरेला लागलं, लुगडं फुगलं.

"जहर शे त्यामाऽऽ! कुंदाऽ, जहर!"

पोरीच्या ओठांना रस लागला आणि त्याच क्षणी कुंदाबाईनं चमचा अंगणात भिरकावला. पोर घाबरून रडू लागली.

"अक्का? तू व्हतीस? माय व, माले वाटनं कोण बया ओरडी राह्यनी!"

बाई ओट्यावर पोचल्या, पोरीचं तोंड स्वच्छ पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, मग स्वतःचे हात. पाला आणि पाटा दोन्ही पोरीपासून लांब सारले. लांबच्या पुलावरून फेरा घालून ललितनं गाडी आणली आणि आजी-नातीला चाळीसगावच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दुपारपर्यंत पोरीला बसवून ठेवलं. तिन्हीसांजेला ती खोकल्याचं औषध आणि बिस्किटाचा पुडा घेऊन परत आली.

बाईंनी वाटीतून त्या दिवसाचे दहा दाणे काढून अंगणात टाकले.

"फुलं तर देवले चढनात ना माय," ललित हळूच म्हणाला.

"त्या मोजामा धरू नको."

दुसऱ्या दिवशी बाई गावाच्या दुसऱ्या अंगाला, गायरानात गेल्या. तिथे कुंभा विरळ. दोनशे बारा फुलं झाली असताना ललितची चाहूल लागली. तो आला आणि चार हात लांब, गप्प उभा राहिला.

बाईंनी मान वर केली.

"काय रे?"

ललित दचकला. "काही नही. च्या तयार शे."

"मी येस, तू चाल," बाई म्हणाल्या. खुडलेली फुलं त्यांनी पदरात एका बाजूला सारली, आणि पुढचं फूल खुडून मोजलं, एक.