बेशुद्ध पडण्याची भूमिका

सून जंतूंच्या प्रयोगशाळेत सुरक्षा अधिकारी होती. सासऱ्यांनी नोकरी सांभाळून सारी हयात हौशी नाटकांत घालवली होती. पण वाट्याला यायचा तो मुका पहारेकरी, नाहीतर प्रेत. शेवटच्या प्रयोगात प्रेताला शिंक आली आणि तेही काम हातचं गेलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत रंगीत तालीम होती. जंतूंची नळी फुटली तर काय करायचं, ते लाल पाण्याची नळी फोडून दाखवायचं होतं, आणि बघायला बाहेरून तपासनीस बाई आल्या होत्या. बेशुद्ध पडायचं काम ज्याला दिलं होतं तो ऐन वेळी खराखुरा आजारी पडला. सुनेने घरी फोन लावला.

"बाबा, जरा येता का? नुसतं पडायचंय."

"संवाद?"

"एकही नाही."

"बघू काय करता येतं," म्हणत सासरे तोंडाला पावडर फासूनच हजर झाले.

सुनेने पांढरा कोट चढवून त्यांना बजावलं, "नळी फुटली की पडायचं, डोळे मिटायचे. लोक तुम्हाला बाहेर नेतील, दार बंद करतील. हवेतले तुषार खाली बसेपर्यंत, अर्धा तास, आत कुणी जायचं नाही. बस्स."

नळी फुटली. सासऱ्यांनी छातीवर हात मारला.

"घात झाला! माझ्या सुनेला निरोप द्या हो कुणीतरी!"

"बाबा, मी इथेच आहे. पडा!" सून दातओठ खात कुजबुजली.

"आलीस, पोरी? थांब, अजून धुगधुगी आहे!"

धुगधुगी बराच वेळ होती. फ्रीजला टेकून त्यांनी सगळ्या नातवंडांना आशीर्वाद दिले. ज्यांनी पळायचं ते लोक भोवती कोंडाळं करून उभे. मोठ्या साहेबांनी तर मास्क खाली ओढून नाक शिंकरलं. तपासनीस बाईंना सगळं खरंच वाटलं. त्या धावत येऊन थेट लाल थारोळ्यात गुडघे टेकून बसल्या. सासऱ्यांनी एकदाचा प्राण सोडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग प्रेत उठलं, लाल बुटांनी खोलीभर फिरलं आणि लाल हातांनी सगळ्यांशी हस्तांदोलन करून आलं.

बाईंनी आपले गुडघे बघितले. "म्हणजे एव्हाना अख्खी प्रयोगशाळा आजारी," त्या म्हणाल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुनेला झालं.

"वन्स मोअर?" सासऱ्यांनी आशेने विचारलं.

"हो, पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. "पण आजोबा, या वेळी तुम्ही आधीपासूनच बेशुद्ध."

जमीन पुसून नवी नळी फोडली. या खेपेला सगळं बिनचूक झालं. आरडाओरडा न करता त्यांना बाहेर आणलं, डागाळलेला कोट काढला, दार लावलं. अर्ध्या तासाने दोघं कर्मचारी हातमोजे आणि मास्क चढवून आत गेले. सांडलेल्यावर कागद अंथरले, कडेकडून मध्याकडे असं जंतुनाशक ओतलं, ते मुरू दिलं आणि काचा चिमट्याने उचलल्या. बाहेर बेशुद्ध इसम चक्क घोरत होता. बाईंनी प्रयोगशाळा पास केली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"पहिला अंक तुफान रंगला," सासरे म्हणाले, "दुसरा साफ पडला. लोक मेले आपापलं काम करत बसले!"

सून हसून हसून खुर्चीतून घसरली.

"पडताना आधी गुडघे वाकव," सासरे म्हणाले.