माणूस आत

मित्रांनो, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जिन्याखाली एक अडगळीची जागा आहे. तिथे दोन मोडक्या खुर्च्या आहेत, एक गळकी बादली आहे आणि त्यांच्या शेजारी एक पिवळट, जाडजूड लोखंडी डबा आहे. येणारे-जाणारे त्याला ओली छत्री टेकवतात. तो डबा म्हणजे मी, एक जुना संगणक. स्वतःचे गुणगान करायला मी बसलेलो नाही. माझ्या मनात एक बोच आहे, तीच तुमच्यापुढे उघडी करतो.

एके काळी मी या कचेरीचा मधला खांब होतो म्हणा ना. प्रत्येक टेबलावर एक छोटा संगणक आणि त्या सगळ्यांच्या तारा येऊन मिळत त्या माझ्याकडे. गावभर जमिनीखाली पाण्याचे जे व्हॉल्व्ह आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचे एक पान माझ्या पोटात होते. तो कुठल्या कोपऱ्यावर आहे, कोणत्या गल्लीला पाणी देतो, कधी उघडायचा, कधी बंद करायचा, सारे त्यावर लिहिलेले. टेबलावरून कोणी मागितले की मी ते पान पुढे करी.

माझा प्रोग्राम लिहिणारा कारागीर अबोल होता. त्याने मला एक सवय लावली. एक पान एका वेळी एकाच्याच हाती द्यायचे. एका टेबलावर ते उघडे असले की दुसऱ्याच्या पडद्यावर मी लिही, "हे पान दुसरीकडे उघडे आहे. थांबा." याला कचेरीत कुलूप म्हणत.

आणि मग जो गलका उठे, तो काय सांगू! पहिल्या टेबलावर भोंगाकाका बसत. आवाज असा की टेलिफोन नुसता शोभेला ठेवला आहे असे वाटावे. ते बसल्या जागेवरून हाक देत, "नाक्याच्या व्हॉल्व्हवर कोण बसलंय? सोडा!"

पलीकडून वहिनी म्हणत, "सोडते हो. लिहू तरी द्या." त्यांचा दीर कधीकाळी इथेच कामाला होता, म्हणून त्या साऱ्या कचेरीच्याच वहिनी.

"लिहिताय की गोधडी शिवताय?"

"शिवतेय. तुमच्या तोंडाला लावायला."

असे दिवसभर चाले. कोणी पान उघडे टाकून जेवायला गेले की काम अडून बसे. सगळे मला शिव्या घालत आणि मी त्या निमूटपणे ऐके. पण हाका मारता मारता कोण काय करतो आहे, हे साऱ्या खोलीला कळत असे. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो, नाहीतर आख्यान बाजूलाच राहायचे. व्हॉल्व्ह जमिनीखालच्या चेंबरमध्ये असतात. दुरुस्तीला माणूस उतरायचा असला की तो आधी कचेरीत फोन करी. मग टेबलावरचा माणूस त्या व्हॉल्व्हच्या पानावर दोन शब्द लिही : माणूस आत. पाणी सोडणारा आधी ते पान बघे. 'माणूस आत' दिसले की पाणी सोडायची कळ दाबायची नाही. इतके साधे दोन शब्द, पण त्यांच्या आधारावर माणसे जमिनीखाली उतरत.

वर्षे गेली. मी सावकाश चालू लागलो, कण्हू लागलो. मोठ्या साहेबांकडे आलेले पाहुणे मला बघून हसत. शेवटी साहेबांनी ताईंना बोलावले. ताई म्हणजे संगणकाचे सगळे बघणाऱ्या बाई. वयाने लहान, पण काम इतके नेटके की त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती. त्यांना कामाचा कंटाळा नव्हता, पण त्या गलक्याने त्यांचे डोके ठणके. साहेबांनी सांगितले, हा प्रोग्राम नवा करायचा आहे, कोणत्या अवजाराने, म्हणजे कोणत्या तयार सॉफ्टवेअरने, करायचा ते तुम्ही ठरवा.

ताईंनी तीन अवजारे पारखली. म्हाताऱ्याने केसांना कलप लावावा, तसे पहिले मला आहे तसाच ठेवून वरून नवा चेहरा देणारे होते. दुसरे म्हणे, सगळे पाडा आणि पायापासून बांधा. त्याला फार काळ लागला असता. तिसऱ्याला नुसती माझी पाने दाखवायची, की ते आपले आपण नवे पडदे तयार करी. रंगीत, देखणे आणि चटकन.

ताईंनी किती विचारपूस केली म्हणता! टेबलांवरच्या जुन्या संगणकांना हे पेलेल का, छपाई नीट येईल का, तार तुटली तर लिहिलेले राहील का. मी कोपऱ्यातून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई हुशार आहे. सरतेशेवटी त्यांनी तिसऱ्या अवजाराच्या कंपनीच्या माणसाला विचारले, "आणि हे थांबा-थांबाचं काय? दिवसभर नुसती ओरड असते इथे."

तो म्हणाला, "ते विसरा आता. कुणाला थांबायलाच लागणार नाही. ज्याला जे पान हवं, ते त्याने उघडावं."

ताईंचा चेहरा उजळला. तिसऱ्या अवजाराचे नशीब त्या घटकेला फळफळले.

मग ते अवजार माझ्याकडे आले. त्याने पाने मागितली, मी दिली. एक अक्षर मागे ठेवले नाही. पण मित्रांनो, कुलूप काही पानांत नव्हते. ते माझ्या वागण्यात होते. वागणे कोणी मागितले नाही आणि देवाने मला तोंड दिलेले नाही. कुलूप माझ्यापाशीच राहिले आणि मला बंद करून त्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवण्यात आले. जे सांगता आले नाही त्याचाही दोष लागतो का, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

ताईंनी नवे काम डोळ्यांत तेल घालून तपासले. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी आल्या, कारण तेव्हा कचेरी शांत असते. प्रत्येक पान उघडले, बदलले, पुन्हा पाहिले. सगळे चोख. पण तपासायला त्या एकट्याच होत्या. एकट्या माणसाच्या हातून पान कोण ओढणार?

नवा प्रोग्राम सुरू झाला आणि कचेरीत शांतता पसरली. भोंगाकाका चेष्टेने म्हणाले, "ताई, माझा घसा गंजणार हो आता." सगळे हसले. मोठ्या साहेबांनी ताईंची पाठ थोपटली.

एका सकाळी व्हॉल्व्हमन मामांचा फोन आला. मामा म्हणजे गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह ज्याला नावानिशी ओळखतो, असा माणूस. शाळेमागच्या चेंबरमध्ये उतरतो म्हणाले. वहिनींनी पान उघडले, 'माणूस आत' लिहिले, जतन केले. त्याच वेळी भोंगाकाकांनीही तेच पान उघडले होते. त्यांना गल्लीच्या नावातली एक चुकलेली वेलांटी सुधारायची होती. पूर्वी मी त्यांना थांबवले असते. त्यांनी हाक दिली असती, वहिनींनी उत्तर दिले असते. त्या दिवशी कोणाला हाक द्यायचे कारणच नव्हते. काकांनी वेलांटी सुधारली आणि जतनाची कळ दाबली. त्यांचे पान वहिनींनी लिहिण्याआधी उघडलेले, म्हणून त्यावर ते दोन शब्द नव्हते. ते सबंध पान वहिनींच्या पानावर जाऊन बसले. वेलांटी दुरुस्त झाली आणि माणूस पुसला गेला.

पाणी सोडणाऱ्याने नियमाप्रमाणे पान पाहिले. काही नव्हते. त्याने पाणी सोडले.

मामा वाचले. लोखंडी पायरी धरून राहिले, वरच्या लोकांनी ओढून काढले. पण लोंढ्याने त्यांना भिंतीवर आपटले होते आणि मांडीचे हाड मोडले होते.

कचेरीत चौकशी झाली. साहेब म्हणाले, "पानावर नोंद नाही, म्हणजे केली नाही. वहिनींना उद्यापासून टपालाच्या टेबलावर बसवा."

"साहेब, मी लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या. दुपारी पुन्हा म्हणाल्या, पण हळू. संध्याकाळी शेजारच्या टेबलाला विचारत होत्या, "लिहिलं होतं ना हो मी?" आपल्याच हातावरचा माणसाचा विश्वास उडताना मी पाहिला. तसे दृश्य वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ताईंना मात्र वहिनींचे म्हणणे खोटे वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना जवळच्या संगणकावर बसवले. "काका, हे पान तुम्ही उघडा. मीही उघडते. मी आधी लिहून सेव्ह करते. आता तुम्ही फक्त एक अक्षर बदला आणि सेव्ह करा."

काकांनी केले. ताईंनी पान पुन्हा उघडले. त्यांचे लिहिलेले तिथे नव्हते.

काकांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "म्हणजे मामाला मीच बुडवत होतो की."

"तुम्ही नाही, काका. हे मी आणलंय. मला शांतता हवी होती."

त्या साहेबांकडे गेल्या. दार उघडेच होते. साहेब म्हणाले, "ताई, मिटलंय ते मिटलेलंच राहू द्या. हे कागदावर आलं तर तुमच्या नावावर येईल."

"यायलाच पाहिजे. आत्ता ते वहिनींच्या नावावर आहे."

ते कागदावर आले. ताईंची बढती थांबली, वहिनी आपल्या टेबलावर परतल्या. पण वहिनी काही दिवस ताईंशी बोलल्या नाहीत, आणि ताईंनीही त्यांना बोला म्हटले नाही.

दोघी मामांना भेटायला दवाखान्यात मात्र एकत्र गेल्या. तिथले वहिनींनीच नंतर टेबलावर सांगितले, ते मी ऐकले. ताई खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मामा, चूक माझी आहे."

मामा म्हणाले, "पाण्याशी माझी एवढी जुनी ओळख, पण त्या दिवशी त्याने ओळख दाखवली नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "माफ केलं म्हणू का? म्हणतो हवं तर. त्याने माझं हाड जुळणार नाही. पाय बरा झाला की मी पुन्हा आत उतरणार आहे. तेव्हा तुम्ही काय करणार, ते सांगा."

ताई परत आल्या, माझ्यावरची धूळ पुसली आणि मला पुन्हा सुरू केले. नव्याची दुरुस्ती होईपर्यंत मी चाललो. कण्हत का होईना, कुलूप लावत राहिलो. सगळे माझी स्तुती करू लागले, म्हातारा शहाणा होता म्हणून. मित्रांनो, ती स्तुती मला टोचत होती. मी शहाणा नव्हतो. मला फक्त एका वेळी एकच जमे. शहाणपण त्या हाकांमध्ये होते, आणि त्या हाका माझ्या नव्हत्या.

नव्या प्रोग्रामला कुलूप बसले. 'माणूस आत' या शब्दांना पानावर स्वतंत्र जागा मिळाली. ते लिहिणाऱ्याशिवाय कोणाला पुसता येईना. प्रत्येक बदल आता दोघांनी शेजारी बसून तपासायचा, असे ठरले. मग माझे काम संपले आणि मी जिन्याखाली आलो.

पण भोंगाकाका गप्पच होते. पडद्यावर 'थांबा' आले की उठून त्या टेबलापाशी जात आणि हळूच विचारत. इतका हळू आवाज त्यांच्या अंगाला शोभत नव्हता.

मग एक दिवस मामांचा फोन आला. त्यांचे काठीवरचे दिवस संपले होते. फोन काकांनीच उचलला. इथे जिन्याखाली मला भिंतीतून ऐकू येत होते. रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती जुनी हाक आली, अशी की माझा पत्रा थरथरला.

"शाळेमागे माणूस आत!"

"आत!" वहिनी म्हणाल्या. "आत!" पाणी सोडणारा म्हणाला. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्याने, ज्यांचे डोके ठणकत असे त्या ताई म्हणाल्या, "आत!"

आता रोज असेच होते. तरी ताई जाता जाता कधी जिन्याखाली थांबतात, माझ्यावर टेकवलेली छत्री बाजूला करतात आणि क्षणभर हात ठेवतात. बोलत काही नाहीत. मलाही बोलता येत नाही. आमचे बरे जमते.

मित्रांनो, जुने जरूर बदला. मी काही कायमचा नव्हतो. पण बदलण्याआधी जुन्याला एकदा विचारा, बाबा रे, तू न सांगता काय काय करत होतास? ते बोलणार नाही. मग त्याच्याभोवती ओरडणाऱ्या माणसांना विचारा. आणि कोणतीही कळ दाबण्याआधी हाक द्या, कारण कुठल्या पानाखाली कोण उतरलेले आहे, ते वरून दिसत नाही.