वहिनीने पाहिलेल्या दोन नळ्या

ठमी जन्मली तेव्हा सगळ्यांना तिच्या शांतपणाचं कोण कौतुक! दुधासाठीसुद्धा तिला उठवावं लागायचं. मग टाचेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला. तिची थायरॉइड ग्रंथी हार्मोन जवळजवळ तयारच करत नव्हती. डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली. रोज सकाळी चमचाभर पाण्यात विरघळवून द्यायची, बहुधा जन्मभर. "वेळेत कळलंय, पोरगी छान वाढेल," ते म्हणाले.

तसंच झालं. ठमी हातपाय झाडू लागली, भूक लागली की घर डोक्यावर घेऊ लागली. तिची आई मात्र खचत गेली. गरोदरपणातली नोकरीची धावपळ, डोकं दुखलं म्हणून घेतलेलं औषध, सगळं उकरून काढायची. त्यात एकदा सासूबाई बोलून गेल्या, "आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं बाई." त्या दिवशी ती जेवली नाही.

ठमीची आत्या प्रयोगशाळेत लोह असलेल्या एन्झाइमांवरच काम करायची. तपासणीत ठमीच्या, थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या अशाच एका एन्झाइमच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं सापडलं, तेव्हा तिने दादा-वहिनीला, म्हणजे ठमीच्या आईबाबांना, विचारून तो बदल आपल्या कामात घेतला. निरोगी एन्झाइम आणि ठमीचं एन्झाइम, दोन्ही तिने पेशींमध्ये तयार करून घेतली. काम हाती आलं तशी एका दुपारी तिने वहिनीला बोलावलं.

"वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही," वहिनी दारातूनच म्हणाली.

"नुसतं बघ."

टेबलावर दोन नळ्या होत्या. एकीतलं पाणी लालसर तपकिरी, दुसरीतलं अगदी फिकं.

"हा रंग हीमचा. त्याच्या मध्यभागी लोह असतं, सगळं काम तिथेच होतं. एन्झाइमला त्याच्यासाठी एक खोबण असते. ठमीच्या एन्झाइममध्ये त्या खोबणीजवळचा एकच घटक बदललाय, आधीच्यापेक्षा मोठा आलाय. त्यामुळे खोबण अरुंद झाली. हीम नीट बसतच नाही, म्हणून तिची नळी फिकी."

आत्याने दोन्हींतला एकेक थेंब वेगळ्या नळ्यांत घातला, वर पेरॉक्साइड आणि रंग धरणारं रसायन सोडलं. पहिली नळी बघता बघता गडद झाली. दुसरी तशीच. दोघी थांबल्या. बऱ्याच वेळाने तिच्यात चहा सांडल्यासारखी जेमतेम छटा उतरली.

"करतंय की बिचारं," वहिनी हळूच म्हणाली.

"करतं, पण पुरत नाही. उरलेलं गोळी करते."

वहिनीने नळी हातात घेतली. "आणि मी धावपळ केली नसती तर?"

"तरी हेच. हा बदल तू तिला पोटात वाढवत होतीस त्याच्या कितीतरी आधीचा. एक प्रत तुझ्याकडून आली, एक दादाकडून. तुम्हा दोघांकडे दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून तुम्हाला कधी काही झालं नाही. आणि माझीही तपासणी केली मी. माझ्यातही आहे तो."

वहिनी रडू लागली, पण मोकळं, खूप दिवसांनी. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, मग तू तरी एवढ्या शांतपणे कशी सांगतेस?"

"तू आत्ताच म्हणालीस ना, बिचारं म्हणून. मलाही तसंच वाटतं, त्याचा राग येत नाही."

घरी आत्याने आपल्या आईला, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंनाही, सगळं सांगितलं. आईने स्वतःच तपासणी करून घ्यायचा हट्ट धरला. अहवाल आला: तिच्याकडेही तोच बदल. तिने चष्मा काढला, बराच वेळ काचा पुसत बसली.

"म्हणजे माझ्याकडूनच गेलं, आणि मी हिला बोलले," ती सुनेकडे बघून म्हणाली.

"कळत नव्हतं तोवर मीही स्वतःलाच बोलत होते, आई," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. वहिनी आली तेव्हा ठमी आजीच्या मांडीवर होती, आणि आजी तिच्याशी गुजगोष्टी करत चमच्यातली गोळी बोटाने विरघळवत होती. वहिनीने "हात धुतलेत ना?" एवढंच विचारलं, आणि शेजारी टेकली.