कोटाच्या अस्तरातले पासपोर्ट

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. उद्या आम्ही नवराबायको कायमचे परदेशी निघालो, पण जाण्याआधी एक कथा सांगून जातो. हसायची मुभा आहे. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं मात्र ऐका.

लेक आमची युरोपच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या गावात नर्स आहे. तिला आठवा महिना लागला आणि फोन आला, "आई, बाबा, आता या. राहायलाच या." झालं! घराला पंख फुटले. मी काळा चष्मा लावून घरात वावरू लागलो आणि कपाटाला धडकून "माफ करा" म्हणालो. आमची ही शिवणकाम करते. तिनं रुंद काठाची टोपी शिवली आणि ती घालूनच भांडी घासायला लागली. म्हणे, "सवय नको का व्हायला?"

तिकडे बारा महिने ऊन, म्हणून रविवारी आम्ही सगळे लोकरीचे कपडे इस्त्रीवाल्याकडे नेऊन दिले. गरजूंना वाट म्हटलं. नामस्मरणानंतर वाटतं तसं हलकं वाटलं हो!

मंगळवारी अकराला व्हिसाची मुलाखत. ती हुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि बाळ काही तारखेसाठी थांबणार नव्हतं. साडेनऊला मी विचारलं, "अगं, पासपोर्ट?"

"कोटात."

हिचा कुलपावर विश्वास नाही. मोलाची वस्तू दिसली की अस्तरात घालून शिवून टाकते.

"कुठल्या कोटात?"

"तुमच्या तपकिरी..." ती थबकली. मग देवाशपथ, ही हसतच सुटली. "अहो, दानात आपणच गेलो!"

धावत इस्त्रीवाल्याकडे गेलो. इस्त्री हवेत धरूनच तो म्हणाला, "तपकिरी? बारा नंबरच्या ड्रायव्हरदादांना दिला. पहाटेच्या पाळीला कुडकुडतात बिचारे. ती बघा, आलीच त्यांची बस."

ही टोपीसकट रस्त्याच्या मधोमध उभी! बस थांबली, आम्ही चढलो.

"भाऊ, कोट काढा!"

"ताई, आत नुसता बनियन आहे. शर्ट धुवायला टाकलाय."

मी एका दमात सगळं सांगितलं. दादांनी पाठ चाचपली. "अरेच्चा! मला वाटलं, पाठीला आधार शिवलाय. दोन दिवस ताठ बसतोय, कंबर दुखायची थांबली!" मग घड्याळ पाहून म्हणाले, "व्हिसाचं ऑफिस माझ्याच रस्त्यावर आहे. सिग्नल लाल झाला की उसवा, हिरवा झाला की हात वर."

हिनं पर्समधली छोटी कात्री काढली आणि कोटाच्या पाठीची शिवण बाहेरूनच धरली. पहिला लाल सिग्नल लागला.

"ताई, गुदगुल्या होतात!"

"हलू नका, कात्री आहे!"

"दुहेरी टाका कशाला घालायचा म्हणते मी?" भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी ओरडल्या.

"मला काय ठाऊक, मलाच उसवावा लागेल!"

मग काय सांगू! सगळी बस सिग्नलकडे डोळे लावून बसली. हिरवा दिसला की सगळे हळहळत, लाल दिसला की टाळ्या. कीर्तन रंगात आल्यावर मंडप डोलतो, तशी बस डोलत होती. कुणाचा थांबा मागे पडला, पण कुणी उतरायला तयार नाही. शेवटच्या सिग्नलला हिनं अस्तरात हात घातला आणि दोन्ही पासपोर्ट बाहेर काढले. अकराला दहा कमी होती.

"संध्याकाळी येऊन शिवून देते हो, भाऊ!" उतरताना ती म्हणाली.

"आधी नातवंडाचं शिवा," दादा हसले.

व्हिसा मिळाला. ही मात्र रोज सुईदोरा घेऊन थांब्यावर उभी राहिली. दादांची पाळी बदलली, मार्गही बदलला. गाठ पडलीच नाही, आणि उद्या पहाटेचं विमान.

म्हणून मागणं एवढंच. थंडी वाढत चालली आहे, आणि त्या भल्या माणसाच्या पाठीला वारा लागत असेल. कुठल्याही बसमध्ये पाठीवर उसवलेला तपकिरी कोट दिसला, तर चार टाके घाला. आणि नाही दिसला, तरी देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या ड्रायव्हरदादांची आठवण ठेवा.