मुंजाजीचे लष्करी पूर्वज

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पालमच्या मुंजाजीनं मेंढरांच्या धंद्यात चार पैसे गाठीला बांधले आणि त्याला खानदानाची हौस सुटली. लेक सुगंधाला गंगाखेडच्या लिंबाजीच्या घरचं स्थळ आलं, तेव्हा तर ती उतू चालली. लिंबाजी त्यांच्याच जातीतला, पण मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आमचं घरानं तलवारीचं. सोयरीक करू तर तसल्याच घरात." आणि मुंजाजीचा बाप भुजंगबा जन्मभर मेंढरांमागं फिरून बांधावरच्या बाभळीखाली मेला होता. तिथंच त्याच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड होता.

मुंजाजी गप्प बसणारा गडी नव्हता. हिंगोलीच्या जुन्या छावणीत कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. तिथून त्यानं एक तसबीर आणली. मागच्या शतकात कुणा मडमेनं पाण्याच्या रंगांत काढलेली. पुढं टेकडीवर पलटणीचं कब्रस्तान, पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि लांब खाली धुरकट शहर. विकणाऱ्यानं बजावलंही, "गोऱ्या शिपायांच्या कबरी हायत, घरात लावू नका." मुंजाजीनं ती बैठकीत, थेट दारासमोर लावली.

लिंबाजी आला आणि तिच्यापुढंच थबकला.

"ह्ये काय वो?"

"आमच्या वाडवडलांच्या समाध्या. समदे लढाईत पडले. खाली दिसायलंय त्ये हैदराबाद."

"आन् दगडावर ह्या फुल्या?"

"रवलेल्या तलवारी," मुंजाजी पापणी न हलवता म्हणाला.

लिंबाजीनं हात जोडले. सुपारी फुटली.

लग्नाचा पहिला नारळ घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यापुढं फोडायची त्यांची रीत. मुंजाजीची बायको केवळाबाई नारळ घेऊन बाभळीकडं निघाली, तर नवऱ्यानं वाट अडवली. "पाव्हन्यांच्या देखत? शानी हायस का? मागून फोडू." नारळ तसबिरीपुढं फुटला. साता समुद्रापलीकडच्या कुणा कप्तानाला पालमच्या लग्नातला मान मिळाला, आणि ज्यानं सुगंधाला खांद्यावर घेऊन रानं दाखवली तो आजा बाभळीखाली तसाच राहिला. मुंजाजीला त्या दिवशी घास गोड लागला नाही. तोंड मात्र त्यानं हसरं ठेवलं.

वऱ्हाडाच्या गाड्या बांधावरून निघाल्या. दगड दिसला तशी सुगंधा हुंदके द्यायला लागली. लिंबाजीनं गाडी थांबवली.

"कुनाचा दगूड ह्यो?"

सुगंधानं बापाकडं पाहिलं.

"असंल कुना मेंढक्याचा," मुंजाजी म्हणाला.

लिंबाजी खाली उतरला, वहाणा काढल्या आणि दगडावर डोकं टेकलं. "आता सोयरीक झाली, लपवायचं कशाला इवाई? आमचा बा बी मेंढरामागंच गेला. तलवार कुनी बघितलीय? तुमची तसबीर बघून लय भ्यालो हुतो, ह्ये मोठं घर आमाला हुभं करतंय का न्हाई म्हनून."

नवरदेवही वाकला. सुगंधा कपाळ टेकून रडत राहिली. नवरीच्या रडण्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मुंजाजीचे हात छातीपर्यंत आले आणि तिथंच अडकले.

लिंबाजीनं मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, इवाई. तुमी लष्करातली मानसं. तुमचं काय नातं ह्याच्याशी?"