सोमवारच्या अर्ध्या बॅटऱ्या

सलग चौथ्या सोमवारी तेच झालं. मामांनी चार्जिंगच्या खोलीचं कुलूप उघडलं तर भिंतीवरचं बटण बंद. शनिवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने ते चालू केलं होतं आणि दाराबाहेर पडून पुन्हा आत येऊन एकदा बघितलंही होतं. त्यांनी एक बॅटरी उचलून तिच्या कडेचं छोटं बटण दाबलं. चारपैकी दोनच दिवे लागले. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मोजल्या तर साठपैकी दोन कमी, आणि उरलेल्या सगळ्या अर्ध्या.

आठ वाजता खिडकीसमोर रांग लागली. गोदामातली माणसं हातातल्या स्कॅनरला बंदूक म्हणत. बंदुकीची बॅटरी मध्येच मेली की शेवटच्या कपाटापासून खिडकीपर्यंत पायपीट करावी लागे.

"मामा, आज तरी पोटभर दिलीय का?"

"अर्धपोटी आहे. जेवणाच्या सुट्टीत बदलून देतो."

"मामींच्या वेळी असं कधी झालं नाही बुवा," मागून कोणीतरी म्हणालं.

हे वाक्य मामांना दर सोमवारी ऐकावं लागे. ही खोली त्यांच्या बायकोची होती. नऊ वर्षं ती या खिडकीत बसली आणि मामा पलीकडे खोकी बांधत राहिले. चार महिन्यांपूर्वी ती गेली तेव्हा साहेबांनी मामांना तिच्या जागी बसवलं. काम कसलं, तर बॅटऱ्या लावायच्या आणि द्यायच्या. मामांनी ठरवलं होतं की तिच्यापेक्षा कमी पडायचं नाही. बॅटरी आली की चार्जरवर, आणि चार दिवे लागले तरी काढायची नाही. भरलेलं वाया थोडंच जातं?

रांग पांगल्यावर साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा असं झालं तर तुम्ही परत खोकी बांधायला. मामींचा मान ठेवला, आता बास."

मामांना खोकी बांधायचं वाईट वाटत नव्हतं. पण तिच्या खुर्चीवरून उठवलं जाणं त्यांना सहन होणार नव्हतं.

तेव्हा चोर शोधणं भाग होतं. मामा प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघू लागले. ट्रकवाला रोज फोन चार्ज करायला यायचा, तो उगाच गोड बोलतो असं त्यांना वाटे. मग त्याच सोमवारी त्यांच्या लक्षात आलं की चार्जरखालची फरशी लख्ख पुसलेली आहे. शनिवारी सगळे गेल्यावर गोदामात एकच माणूस उरे, झाडणारी मावशी. खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे होती. मावशी म्हणजे बायकोची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. पण माणूस गेल्यावर मैत्री कुठे राहते, असं मामांनी मनाशी म्हटलं आणि साहेबांच्या कानावर घातलं.

त्या संध्याकाळी फाटकावर मावशीची पिशवी उलटी केली गेली. डबा, कंगवा, गोळ्यांची पाकिटं. बाकी काही नाही. पाळीवरचे सगळे बघत होते. मावशीने एकेक वस्तू पिशवीत भरली आणि जाताना मामांकडे एकदा बघितलं. मामांना ती नजरही चोराचीच वाटली.

पुढच्या शनिवारी ते घरी गेलेच नाहीत. बटण चालू केलं, कुलूप लावलं आणि समोरच्या खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसले. मावशी आली. झाडलं, पुसलं. तास-सव्वा तासाने चार्जरपाशी गेली, दिवे बघितले आणि बटण खाली केलं. मग एक बॅटरी काढून पदराच्या टोकात गुंडाळली.

मामा बाहेर आले. "सापडलात."

मावशी दचकली, पण क्षणभरच. "या. बरं झालं तुम्हीच आलात. हे कुठे टाकायचं ते सांगा."

तिने पदर सोडला. बॅटरीला पोट आलं होतं. सपाट पाठ फुगून तिची कड उकलली होती.

"कुणी केलं हे?" मामांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी?"

"चार महिने बघतेय, भाऊजी. शनिवारी लावता आणि सोमवारपर्यंत लावूनच ठेवता. वर पत्रा तापतो, दारं बंद. मागे वाळूची बादली आहे ना, त्यात या आधीच्या दोन आहेत. ही तिसरी. एखादी पेटली असती म्हणजे?"

"बॅटरी भरलेली नको मग?"

"वापरायच्या दिवशी भरलेली. सुट्टीला अर्धी. ती असंच करायची. दोन दिवे लागले की बंद, आणि सोमवारी सातला येऊन भरायची."

मामा खुर्चीवर बसले. बायको दर सोमवारी एक तास आधी घरातून निघायची. काम आहे म्हणायची. नऊ वर्षांत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पण मनात विचारला होता, ही एवढ्या सकाळी कुणाला भेटायला जाते, आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. आता त्यांना ते उत्तर आठवायचीसुद्धा लाज वाटली.

"मला सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, माझ्या बायकोचं काम मला शिकवू नका."

मामांना ते म्हटल्याचं आठवलं.

"मग पहिली फुगलेली सापडली तेव्हापासून गुपचूप बंद करत राहिले. सोमवारी सकाळी मी दुसरीकडे भांड्यांना जाते, येता येत नाही. म्हटलं, दोन सोमवार बोलणी खाल्ली की विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत. पिशवी उलटी करायला लावलीत."

मामांनी फुगलेली बॅटरी उचलली आणि वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली.

सोमवारी ते सातला आले. आठला रांग लागली तेव्हा सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या. ते तिथेच गप्प बसले असते तर खुर्ची वाचली असती. पण मावशीचं नाव साहेबांच्या वहीत होतं आणि महिनाअखेर तिला काढायचं ठरलं होतं. मामा फुगलेल्या तीन बॅटऱ्या वाळूच्या बादलीसकट उचलून साहेबांसमोर घेऊन गेले.

"या मी घालवल्या. मावशीने काही घेतलेलं नाही. ती नसती तर खोली जळाली असती."

साहेबांनी बादलीत बघितलं, मग मामांकडे. "गेल्या आठवड्यात ती चोर होती. आज एकदम देवमाणूस? काय भानगड आहे तुमची दोघांची?"

मामांना राग आला. मग वाटलं, हाच हिशोब आपण गेला महिनाभर करत होतो.

"भानगड एवढीच की मला हे काम येत नाही," ते म्हणाले. "तिला येतं. खोली तिला द्या."

साहेबांनी आठवडा घेतला. तीनदा वेगवेगळ्या बाजूने तेच विचारलं, ट्रकवाल्यालाही विचारलं. शेवटी खोली मावशीला मिळाली आणि मामा परत खोक्यांकडे गेले. मावशीने सकाळची भांडी सोडली. मामांशी मात्र ती कामापुरतंच बोलायची.

हल्ली माल मोजायला मामांनाही बंदूक घ्यावी लागते. सोमवारी ते रांगेत उभे राहतात. परवा त्यांचा नंबर आला तेव्हा मावशीने बॅटरी पुढे सरकवली आणि रजिस्टर फिरवलं.

"सही."

"मावशी, त्या पिशवीचं..."

"मागे लोक उभे आहेत, भाऊजी. जेवायला याल तेव्हा बोला. डबा आणलाय का?"

"नाही."

"आणत जा," ती म्हणाली आणि पुढच्याची बॅटरी काढायला वळली.